विश्लेषण : मोबाइल रिचार्जमधून जाणाऱ्या पाच टक्क्यांवर नजर कोणाची?

मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. याशिवाय आणखी एक आकारणी असते, पण ती बिलावर दिसत नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजेच ‘एजीआर’च्या, पाच टक्के रक्कम केंद्र सरकारकडे भरतात. गावखेड्यांत फोन आणि इंटरनेट पोहोचवण्यासाठी हा पैसा घेतला जातो. कंपनीचा महसूल ग्राहकांकडूनच येतो, त्यामुळे हा भार अखेर ग्राहकच उचलतो. दोन दशकांहून अधिक काळ जमा होणारा हा पैसा कुठे जातो, त्यातून काय उभे राहिले आणि त्याचा हिशेब कोण विचारतो, याचा आढावा.

ही आकारणी नेमकी कशासाठी?

नव्वदच्या दशकात दूरसंचार क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. जिथे ग्राहक जास्त आणि खर्च कमी, तिथे कंपन्या आधी जाणार हे उघड होते. डोंगराळ, आदिवासी आणि विरळ वस्तीचे भाग मागे पडू नयेत, म्हणून १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात ‘सार्वत्रिक सेवा दायित्व’ ही कल्पना मांडली गेली. तोट्याच्या भागात सेवा देण्याचा खर्च सर्व कंपन्यांनी मिळून उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. १ एप्रिल २००२ पासून आकारणी सुरू झाली. २००३ मध्ये टेलिग्राफ कायद्यात दुरुस्ती करून निधीला वैधानिक दर्जा मिळाला.

कंपन्या एकूण आठ टक्के परवाना शुल्क भरतात. त्यातील पाच टक्के या निधीच्या नावाने आणि उरलेले तीन टक्के सरकारच्या सर्वसाधारण महसुलात जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारे ‘भारतनेट’, गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागांतील मोबाइल टॉवर, नेटवर्क नसलेल्या गावांसाठी ‘४जी’ योजना यांचा खर्च याच निधीतून होतो.

पैसा थेट निधीत जमा होतो का?

नाही. कंपन्यांनी भरलेली रक्कम आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत जाते. तिथून ती काढायची तर संसदेची मंजुरी लागते. दरवर्षी अर्थसंकल्पात जेवढी तरतूद होते, तेवढीच रक्कम या निधीकडे वळते. वर्षअखेर उरलेली रक्कम व्यपगत होत नाही, अशी कायद्यात सोय आहे. परंतु जी रक्कम निधीकडे वळलीच नाही, तिला या तरतुदीचा उपयोग नाही.

त्यामुळे जमा झालेली आकारणी आणि निधीकडे वळलेली रक्कम यांत मोठी तफावत पडत गेली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, याकडे अनेकदा लक्ष वेधले आहे. दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने तर सुमारे ८० हजार कोटी रुपये न वापरता पडून आहेत, ते संपेपर्यंत नवी आकारणी थांबवा, अशी मागणी केली. अर्थात, ‘पडून आहेत’ म्हणजे एखाद्या वेगळ्या बँक खात्यात नोटा साठवल्या आहेत असे नाही. हा हिशेबाच्या वहीतला आकडा आहे. सरकारने तो पैसा इतर गरजांसाठी वापरलेला असतो आणि या निधीचे देणे कागदावर उरते. एका ठरावीक कामासाठी घेतलेला पैसा त्या कामावर वेळेत खर्च होत नसेल, तर ती आकारणी नावापुरतीच वेगळी उरते. पुरवायची खरी देखरेख इथेच आहे.

भारतनेटचा खर्च वाढत कसा गेला?

या निधीतील सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे भारतनेट. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन सरकारने ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने त्याला मंजुरी दिली. अंदाजे खर्च होता सुमारे २० हजार कोटी रुपये, लक्ष्य होते अडीच लाख ग्रामपंचायतींचे आणि मुदत होती दोन वर्षांची. २०१५ मध्ये प्रकल्पाचे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाले. तत्पूर्वी जुलै २०१७ मध्ये सुधारित आराखडा मंजूर होऊन खर्चाचा अंदाज ४२ हजार ६८ कोटींवर गेला होता.

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी पुढील एक हजार दिवसांत देशातील सहा लाखांहून अधिक गावे फायबरने जोडण्याची घोषणा केली. ही मुदत मे २०२३ मध्ये संपली. दरम्यान, जून २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीतून काम करण्याचे ठरले आणि त्यासाठी १९ हजार ४१ कोटींची मदत मंजूर झाली. मात्र त्या निविदांना प्रतिसादच मिळाला नाही आणि प्रक्रिया गुंडाळावी लागली. प्रकल्पासाठी २०१२ मध्ये स्थापन केलेली ‘भारत ब्रॉडबँड नेटवर्क’ ही कंपनी ‘बीएसएनएल’मध्ये विलीन करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. अखेर ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली.

२०११ आणि २०२३ या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. जुन्या आराखड्यात गटापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच तार जात होती. रस्त्याच्या कामात ती तुटली की पुढचे सगळे बंद. नव्या आराखड्यात वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. ग्रामपंचायतींबाहेरच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडणी, दहा वर्षांची देखभाल आणि दीड कोटी ग्रामीण घरांपर्यंत फायबर यांचाही त्यात समावेश आहे. तरीही बारा वर्षांत आराखडा, कंत्राटाची पद्धत आणि जबाबदार संस्था हे तिन्ही बदलावे लागले, याचा अर्थ सुरुवातीचे नियोजन कुठे तरी चुकले होते. ते नेमके कुठे, हे विचारण्याची जागा संसद आहे.

संसदेत हे कोण विचारते?

अर्थसंकल्प सादर झाल्यावर प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाच्या प्रस्तावांना ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणतात. त्यांवर लोकसभेत चर्चा होऊन मतदान व्हावे, अशी अपेक्षा असते. वेळेअभावी दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांवर चर्चा होते. उरलेल्या सर्व मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात. याला संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गदारोळात सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या.

सभागृहात जे होत नाही, ते काही प्रमाणात विभागनिहाय स्थायी समित्यांमध्ये होते. १९९३ पासून ही व्यवस्था आहे. सध्या अशा २४ समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. दूरसंचार, टपाल, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान आणि माहिती व प्रसारण हे सर्व ‘दळणवळण व माहिती तंत्रज्ञान’ समितीच्या कक्षेत येतात. २०१९ ते २०२२ या काळात शशी थरूर तिचे अध्यक्ष होते, त्यानंतर बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आणि सप्टेंबर २०२४ पासून निशिकांत दुबे.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत समिती सचिवांना बोलावून योजनेगणिक विचारते. गेल्या वर्षी किती मागितले, सुधारित अंदाजात ते किती झाले, प्रत्यक्ष किती खर्चले, कमी पडले तर का, उरले तर का? बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल संसदेत मांडला जातो आणि सर्वांना वाचायला खुला असतो. पक्षीय आरोप-प्रत्यारोप कॅमेऱ्यासमोर जेवढे रंगतात, तेवढे इथे रंगत नाहीत. भारतनेटच्या रखडण्याबद्दल वेगवेगळ्या पक्षांच्या अध्यक्षांच्या काळात या समितीने सरकारला प्रश्न विचारले आहेत.

तीन आकड्यांचा फरक का महत्त्वाचा?

बातमीत बहुतेक वेळा योजनेचा एकूण आकडा येतो. तो अनेक वर्षांचा असतो. दुसरा आकडा त्या वर्षीच्या तरतुदीचा आणि तिसरा प्रत्यक्ष खर्चाचा. हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय योजनेची प्रकृती कळत नाही.

‘इंडिया एआय मिशन’चे उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे १० हजार ३७२ कोटी मंजूर झाल्याची मोठी बातमी झाली. २०२४-२५ साठीची तरतूद होती साधारण ५५२ कोटी आणि सुधारित अंदाजात ती १७३ कोटींवर आली. पुढच्या, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुन्हा दोन हजार कोटी दाखवले गेले. नव्या योजनेला पहिल्या वर्षी वेग येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण घोषणेचा आकडा लक्षात राहतो आणि सुधारित अंदाजाचा आकडा छोट्या बातमीतही येत नाही. भारतनेटसाठी २०२५-२६ मध्ये दाखवलेले २२ हजार कोटीही याच कसोटीवर तपासायला हवेत.

हीच गोष्ट कामाच्या आकड्यांची. सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ असल्याचे सरकार सांगते. ‘सज्ज’ म्हणजे तार आणि उपकरण पोहोचले. ते उपकरण सुरू आहे का, त्याला वीज आहे का, त्यावरून शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा घर इंटरनेट वापरते का, हा वेगळा प्रश्न आहे. किलोमीटरमध्ये मोजलेली तार आणि वापरात असलेली जोडणी यांतले अंतर म्हणजेच या योजनेचे खरे यश-अपयश.

समितीचे म्हणणे सरकारला बंधनकारक असते का?

नाही. शिफारशींवर काय कारवाई केली, हे सरकारने साधारण तीन महिन्यांत कळवायचे असते. शिफारस मान्य करायची की नाही, हे सरकार ठरवते. उत्तर समाधानकारक नसेल तर समिती आपली शिफारस पुन्हा मांडते. त्यापुढे तिच्या हाती काही नसते.

इंटरनेट बंदीचा विषय यासाठी बोलका आहे. डिसेंबर २०२१ मध्ये या समितीने आपल्या अहवालात नोंदवले, की देशात इंटरनेट किती वेळा, कुठे आणि का बंद केले गेले याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय. अशी नोंद केंद्रीय पातळीवर ठेवा, अशी साधी शिफारस होती. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय असल्याचे सांगत केंद्राने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली नाही. बंदीचा आदेश निघाला की ऑनलाइन व्यवहारांवर चालणारे दुकान थांबते, विद्यार्थ्याचा अर्ज अडकतो. पण किती वेळा असे झाले, हे सांगणारी सरकारी वही नाही.

सदस्यांची इच्छा नसेल तर समितीची बैठकही होऊ शकत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘पेगासस’ हेरगिरी प्रकरण गाजत असताना समितीने अधिकाऱ्यांना बोलावले होते. सत्ताधारी सदस्य उपस्थित राहिले, पण त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या नाहीत. त्यामुळे गणपूर्ती झाली नाही. बोलावलेले अधिकारीही आले नाहीत.

कायदे करताना समितीला विचारले जाते का?

विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही, हे सक्तीचे नाही. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’च्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले.

डिजिटल क्षेत्रातले दोन मोठे कायदे याच काळातले. वैयक्तिक विदा संरक्षणाचे २०१९ चे विधेयक संयुक्त समितीकडे गेले. तिने दोन वर्षे अभ्यास करून डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयक मागे घेतले. त्याजागी आलेले नवे विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये कोणत्याही समितीकडे न जाता मंजूर झाले. दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत आले, २० तारखेला तिथे आणि २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घेणारा, डिजिटल भारत निधीला नवे रूप देणारा आणि सरकारला सेवा ताब्यात घेण्याचे, संदेश अडवण्याचे अधिकार देणारा कायदा चार दिवसांत झाला.

मग ‘कॅग’ काय करते?

समिती खर्चाच्या आधी आणि खर्च होत असताना प्रश्न विचारते, तर ‘कॅग’ खर्चानंतर तपासते. ‘कॅग’चे अहवाल संसदेत मांडले जातात आणि लोकलेखा समितीकडे जातात. या समितीचे अध्यक्षपद परंपरेने विरोधी पक्षाकडे असते.

दूरसंचार क्षेत्रात ‘कॅग’ची व्याप्ती सरकारी कार्यालयांपुरती नाही. परवाना शुल्क महसुलाच्या प्रमाणात असल्याने कंपनीने महसूल कमी दाखवला की सरकारचा वाटा घटतो, ग्रामीण निधीचे पाच टक्केही घटतात. म्हणून खासगी कंपन्यांच्या महसुली नोंदी तपासण्याचा ‘कॅग’चा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्य केला. त्यानंतर २०१६ च्या अहवालात सहा कंपन्यांनी २००६-०७ ते २००९-१० या काळात मिळून सुमारे ४६ हजार कोटींनी महसूल कमी दाखवल्याचा निष्कर्ष ‘कॅग’ने काढला.

‘कॅग’च्या कामालाही मर्यादा आहेत. एक म्हणजे वेळ. वरच्या उदाहरणात व्यवहार आणि अहवाल यांत सहा ते दहा वर्षांचे अंतर आहे. दुसरी म्हणजे लेखापरीक्षण हा न्यायनिवाडा नसतो. ‘२जी’ प्रकरणात २०१० च्या अहवालाने १ लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा दिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तर डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींची मुक्तता केली. धोरण चुकले का, पैसा बुडाला का आणि गुन्हा घडला का, हे तीन वेगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे देणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत.

महाराष्ट्राचा यात किती वाटा?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात ज्या राज्यांनी काम स्वतःकडे घेतले, त्यांत महाराष्ट्र होता. राज्य सरकारच्या ‘महाआयटी’ कंपनीमार्फत ‘महानेट’ या नावाने हे काम झाले. म्हणजे पैसा मुख्यतः केंद्राच्या निधीचा, अंमलबजावणी राज्याच्या कंपनीची आणि वापर ग्रामपंचायतीचा. अशा रचनेत प्रश्न कोणाला विचारायचा, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. संसदेची समिती केंद्राच्या सचिवांना बोलावते, पण जमिनीवरचे काम राज्याचे असते. विधिमंडळात लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम समित्या आहेत. त्यांनी राज्याच्या वाट्याचे काम तितक्याच बारकाईने तपासले, तरच साखळी पूर्ण होते.

सामान्य वाचकाने काय पाहावे?

संसदीय समितीचे अनुदान मागण्यांवरील अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांचा तक्ता. दुसरी, ‘सज्ज’ आणि ‘सुरू’ जोडण्यांचे वेगवेगळे आकडे. तिसरी, मागच्या वर्षीच्या किती शिफारशी सरकारने मानल्या. गावपातळीवर हेच प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. पंचायतीत आलेले उपकरण चालू आहे का, बंद असेल तर तक्रार कोणाकडे केली, दुरुस्तीला किती दिवस लागले? उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात हे खरे, पण त्या बिनकामाच्या ठरतात त्या मुख्यतः कोणी वाचत नाही म्हणून. मतदारसंघात विचारणा होणार हे माहीत असलेला खासदार बैठकीला तयारी करून जातो. रिचार्जमधले पाच टक्के दर महिन्याला, कोणतीही मुदतवाढ न मागता वसूल होतात. त्या पैशातून होणाऱ्या कामाला मात्र २०११ पासून मुदतवाढ मिळतेच आहे. ही विसंगती संपवण्याचे अधिकार समितीकडे नाहीत, पण ती दरवर्षी आकड्यांनिशी दाखवून देण्याचे काम दुसरी कोणतीही संस्था इतक्या नियमितपणे करत नाही.